प्रमाणित श्रोता

कृतिका बोलायला लागली तेव्हा ती बोलतेय हे घरात कुणाला कळलंच नाही. बाप म्हणाला, पोर कण्हतेय. आई म्हणाली, दात येत असतील. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडलाय, हातपाय आणि जीभ आपल्या मनानं हलतील, त्यांच्यावर ताबा राहायचा नाही. तेव्हा सगळ्यांनी कान बंद करून नुसते डोळे पुसायचं काम चालवलं होतं. गजराक्का तेवढी पोळ्या लाटता लाटता वळली आणि म्हणाली, "पाणी मागतीय रे ती. बहिरे झालात का सगळे?" पाणी दिलं. पोर शांत झाली. त्या दिवसापासून जीभ भाचीची आणि तिचा अर्थ आत्याच्या तोंडून, असा कारभार सुरू झाला. तो वीस वर्षं चालला.

गजराक्का बार्शीच्या गव्हाणे मंडप डेकोरेटर्सची मालकीण. पाटीवर नाव भावाचं होतं, पण भाऊ तिच्यासमोर खुर्चीतसुद्धा अर्धाच बसायचा. शाळा दुसरीपर्यंत. सही करता यायची, तीही 'ग'चा दांडा वेगळा आणि बाकीचं गाव वेगळं अशी. पण वारा कुठून येणार आणि कोणता खांब किती खोल पुरायचा, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि धंद्याचा एक नियम तिनं बारा गड्यांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता. मंडपवाल्यानं गिऱ्हाइकाच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही. उद्या लग्न आणि आज येऊन कुणी हजार माणसांचा मांडव मागितला तरी म्हणायचं, "चालेल की. तुमची सोय ती आमची सोय." मग पाठ वळल्यावर बघायचं काय जमतं ते. 'नाही' म्हटलेलं माणूस जन्मभर विसरत नाही, आणि अर्धा मांडव मात्र जेवणं झाली की विसरतं.

हाच नियम तिनं भाचीच्या बोलण्यालाही लावला. तांदूळ निवडावेत तसं ती कृतिकाचं बोलणं निवडून लोकांपुढं ठेवायची. पोरगी नऊ वर्षांची असताना वॉर्डातल्या नगरसेवकानं तिला चाकाची खुर्ची दिली आणि फोटोसाठी तिचा हात धरून ठेवला. कृतिका म्हणाली, हात सोडा, दुखतोय, आणि तुमच्या तोंडाला तंबाखूचा वास मारतोय. आक्का म्हणाली, "म्हणतीय, लई आनंद झाला साहेब." घरी येईपर्यंत दोघी हसत होत्या. तो त्यांचा घरगुती खेळच होऊन बसला. खडे आत्याच्या पदरात, तांदूळ जगाच्या ताटात.

कृतिका मोठी झाली तोवर जग बदललं. निबंध, प्रबंध, उत्तरपत्रिका लिहून देणारी यंत्रं प्रत्येकाच्या खिशात आली. लिहिलेल्या कागदावरचा विश्वास उडाला आणि विद्यापीठांनी लेखी परीक्षा मोडीत काढल्या. आता विद्यार्थ्यानं समोर बसायचं आणि तोंडानं उत्तर द्यायचं. ज्यांची जीभ सरळ त्यांचं ठीक. कृतिकासारख्यांनी काय करायचं? बी.एस्सी.ला तिच्याशेजारी आत्या बसली, उत्तरं शब्दाला शब्द सांगितली, कारण खडकांबद्दल आत्याला काही कळत नव्हतं आणि न कळलेल्यात माणूस भेसळ करत नाही. पुढं कायदा आला. अपंग विद्यार्थ्यांच्या नावानं नातेवाईक आपलंच घोडं पुढं दामटतात, खोट्या संमत्या देतात, अशी प्रकरणं निघाली होती. म्हणून ठरलं की विद्यापीठाच्या कुठल्याही कामात नातेवाइकाचं तोंड ग्राह्य धरायचं नाही. विद्यार्थ्याचं म्हणणं फक्त कंठीतून यायला हवं.

कंठी म्हणजे गळ्याभोवती बसणारा मऊ पट्टा, पुढं बदामाएवढा ध्वनिवर्धक. माणूस बोलायचं म्हणतो तेव्हा मेंदूचा हुकूम गळ्याच्या, जिभेच्या, जबड्याच्या स्नायूंपर्यंत विजेच्या रूपानं पोचतो. ती वीज अगदी बारीक, पण कातडीला टेकलेल्या पट्ट्याला ती मोजता येते. धडधाकट गळ्यात एका शब्दाची लाट साधारण एकसारखी उठते. कृतिकाच्या गळ्यात त्या लाटेवर दहा आगंतुक लाटा चढून बसतात, हुकूम एक आणि हालचाली अकरा. त्या गर्दीतून खरी लाट ओळखायला यंत्राला उदाहरणं लागतात, हजारो. पडद्यावरची ठरलेली वाक्यं कृतिका वाचून दाखवू शकत होती, पण माणूस वाचल्यासारखं बोलत नाही. म्हणून आपोआप निघणारं बोलणंही शिकवावं लागे. इकडे गळ्यातली लाट, तिकडे तिचा अर्थ सांगणारं ओळखीचं माणूस. कायद्यानं त्या माणसाला नाव दिलं होतं प्रमाणित श्रोता. एवढी एक वेळ सोडली तर नातेवाइकाची गरज कायमची संपत होती.

श्रोता कोण होणार हा प्रश्नच नव्हता. गजराक्का तीन आठवडे विद्यापीठाच्या पाहुणेघरात राहिली. यंत्राचं काम बघणारा निहाल पिंजारी हा सोलापूरचा, तिशीतला, सरळ माणूस. पहिल्याच दिवशी त्यानं आक्काला समजावलं की यंत्र नुसता शब्द शिकत नाही, बोलण्याची सवय शिकतं. समोर कोण आहे, आधी काय बोलणं झालं, आवाज चढलाय की उतरलाय, हे सगळं जमेला धरतं. म्हणजे पुढं पुढं कृतिकाचं वाक्य पुरं व्हायच्या आतच ते ओळखून बोलून टाकेल, तिचा त्रास वाचेल. आक्का म्हणाली, "मग माझ्यासारखंच की." निहाल म्हणाला, अगदी तसंच.

घरगुती बोलणी, मैत्रिणींशी गप्पा, खडकांची नावं, सगळं चोख झालं. मग निहालनं अधिकारी माणसांसमोरचे प्रसंग लावले. पडद्यावर एक चष्मेवाले गृहस्थ विचारत, तुम्हाला तळमजल्याऐवजी दुसऱ्या मजल्यावरची खोली दिली तर? कृतिका म्हणाली, मुळीच नाही, लिफ्ट बंद पडली की मी काय उडू? आक्काची पाठ आपोआप ताठ झाली, डोक्यावरचा पदर सारखा झाला, आणि ती माईकमध्ये म्हणाली, "चालेल सर, बघू." कृतिकानं आत्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तू परत खोटं बोलतेयस. माईक चालूच होता. आक्का म्हणाली, "म्हणते, बरोबर आहे." दोघी खो खो हसल्या. निहालही हसला, काही न कळता. असे प्रसंग दोनशे बारा झाले. शेवटी एका कागदावर आक्कानं सही केली की मी सांगितलेले सर्व अर्थ खरे आहेत. कागद तिनं वाचला नाही. वाचता आला असता तरी वाचला नसता. गजरा गव्हाणे खोटं सांगेल असं लिहायची कुणाची छाती होती?

कंठीचा आवाज घरच्या बायकांच्या आवाजांतून गाळून बनवला होता. स्वच्छ, गोड, तरणा. पहिल्यांदा तो आवाज "आत्या, चहा घेतलास का?" म्हणाला तेव्हा आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती निहालवरच खेकसली की चहात साखर नाही.

एम.एस्सी.चं पहिलं वर्ष झकास गेलं. तोंडी परीक्षांत कृतिका वर्गात दुसरी आली. मैत्रिणींशी कंठी फटकळ बोलायची, शिव्यासुद्धा द्यायची. गावात आक्का मिशीवाल्या पुरुषासारखी छाती काढून हिंडत होती. पण फोनवर भाची पूर्वीसारखी मोकळी बोलेना. कामात असेल, आक्का मनाशी म्हणाली.

मग एका सकाळी, मांडवाचं कापड उन्हाला घालताना, फोनवर चार शब्दांचा निरोप आला. कंठी काढून, वाकड्या बोटाच्या पेरानं एकेक अक्षर दाबून लिहिलेला. "ये. ती तुझ्यासारखं बोलते."

आक्का दुपारच्या बसनं पोचली. भूशास्त्र विभागाच्या मागं बोअर मारून काढलेले खडकांचे नमुने ठेवायची शेड आहे. तिथं कृतिका खुर्चीत बसली होती, कंठी मांडीवर. एवढ्यात किती वाळलीय, हेच आक्काला आधी दिसलं.

हकिगत थोडी होती. दुसऱ्या वर्षी चाळीस दिवसांचं क्षेत्रकार्य असतं, खेड्यापाड्यांत विहिरींवर फिरून पाण्याची पातळी मोजायची, खडक वाचायचा. ते केल्याशिवाय भूजल खात्यात कुणी उभं करत नाही, आणि कृतिकाचा सगळा डाव त्याच नोकरीवर होता. त्यासाठी तिनं निहालला हाताशी धरून दगडधोंड्यांवर चालणारी, रणगाड्यासारख्या पट्ट्यांची खुर्चीसुद्धा तयार करून घेतली होती. पण विभागप्रमुख डॉ. कुलथे यांनी सगळ्यांसमोर विचारलं की उन्हातान्हात तुम्हाला कशाला त्रास, आपण विद्यापीठातच बसून करायचा प्रकल्प देऊ का? ती 'नाही' म्हणाली. तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा किंचाळली. कंठी म्हणाली, "चालेल सर. तुमची सोय ती माझी सोय." कुलथ्यांनी कौतुकानं मान हलवली आणि संमती नोंदली गेली. तुकडी परवा निघणार होती.

आक्काचं तोंड नेहमीच्या वाटेनं गेलं. ती म्हणाली, इतके दिवस कुणाला सांगितलं का नाहीस?

"सांगितलं," कृतिका आपल्या आवाजात म्हणाली. मान एका बाजूला ओढली जात होती, एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा येत होता. "समान संधी केंद्राच्या बोधनकर मॅडमकडं तक्रार केली. कंठीनं त्यांचे आभार मानले. लिहून दिलं, तर म्हणाल्या, लिहिलेलं ग्राह्य नाही, कुणीही लिहून देतं."

आक्कानं तिच्या मांडीवरच्या पट्ट्याकडं पाहिलं.

"लहानपणी मला वाटायचं, लोक माझ्यावर खूश असतात," कृतिका म्हणाली. "मग कळलं, ते तुझ्यावर खूश असतात."

साठ वर्षांच्या आयुष्यात गजराक्काला कुणी तोंडावर असं बोललं नव्हतं. बोललं असतं तर त्याची खैर नव्हती. ती शेडच्या पत्र्याला टेकून उभी राहिली.

निहालला गाठलं तेव्हा ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. त्यानं दोनशे बारा प्रसंगांची यादी काढली, चार-पाच ऐकले, आता आक्का शेजारी बसून खरा अर्थ सांगत होती. त्यानं यादी बंद केली. मग म्हणाला की चूक दुरुस्त होते, पण यंत्र पुन्हा शिकवायला सहा महिने लागतात. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. श्रोत्यानंच अर्थ खोटे होते असं कबूल केलं तर कंठीचं प्रमाणपत्र पहिल्या दिवसापासून रद्द होतं. मग त्या कंठीतून दिलेल्या सगळ्या तोंडी परीक्षाही रद्द. पहिलं वर्ष गेलंच समजा.

"आक्का, गप्प राहिलात तर नुसतं क्षेत्रकार्य जातंय," तो म्हणाला. "बोललात तर सगळंच जाईल."

पूर्वीची गजराक्का असती तर तिनं तिथल्या तिथं निकाल लावला असता. झाकली मूठ कशी ठेवायची हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण ती परत शेडकडं गेली, भाचीसमोर गुडघे मोडून खाली बसली, दोन्ही बाजू एकही खडा न काढता सांगितल्या आणि विचारलं, तू म्हणशील ते करते, बोल. असं विचारायची तिची ही पहिलीच वेळ होती, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. कृतिकाला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, सगळं सांग.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समान संधी केंद्रात बैठक बसली. केंद्राच्या प्रमुख सुनेत्रा बोधनकर, शेजारी डॉ. कुलथे, कोपऱ्यात निहाल. बोधनकरबाई वाईट माणूस नव्हत्या. त्यांनी उठून आक्काला पाणी दिलं, खुर्ची दिली. वाईट असत्या तर बरं झालं असतं, आक्काला वाईट माणसांशी दोन हात करायची सवय होती.

आक्कानं सगळं सांगितलं. मंडपाच्या धंद्यातला नियम सांगितला, नगरसेवकाचा हात सांगितला, दुसऱ्या मजल्यावरची खोली सांगितली. ती सही माझी, पण अर्थ माझ्या मनचे, असं भर बैठकीत म्हणताना तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. आजवर तिनं देवापुढंसुद्धा एवढी मान वाकवली नव्हती. पोरीला विहिरींवर जायचंय, वर्ष गेलं तर जाऊ दे म्हणते, असंही सांगितलं.

बोधनकरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आक्का, तुमची तळमळ कळते मला. पण तुम्हीच सांगताय की तुम्ही तिच्या नावानं खोटं सांगत आलात. मग आज खरं सांगताय हे मी कशावरून मानू?"

आक्कानं भाचीकडं बोट केलं.

बाई कृतिकाकडं वळल्या. आत्या म्हणते ते खरं आहे का, असं त्यांनी मायेनं विचारलं. कृतिकाचा सगळा देह त्या उत्तरामागं लागला, मान ताणली, हात खुर्चीच्या दांडीवर आपटला, ओठ वाकडे झाले. आक्काला स्वच्छ ऐकू आलं. खरं आहे, ही कंठी माझी नाही, मला जायचंय. पण पोरीचं पहिलं अक्षर बाहेर पडायच्या आतच तो गोड आवाज खोलीत पसरला होता.

"आत्याला माझी फार काळजी आहे मॅडम. तिचं बोलणं नोंदीत घेऊ नका. मला बदल मान्य आहे."

एखादा माणूस बाहेरच्यांसमोर भडकला की त्याला असंच हळूच बाजूला सारतात. तिनं स्वतः कित्येकांना सारलं होतं. आज यंत्रानं तिला सारलं.

कृतिकानं हनुवटी खांद्याला घासून कंठी सैल केली, ती खाली पडली. मग ती बोलतच राहिली. खोलीत तिचा स्वतःचा आवाज भरला, खरखरीत, तुटक, मोठा. कुलथे टेबलावरच्या कागदाकडं बघत होते. बोधनकरबाई डोळे भरून तिच्याकडं बघत होत्या आणि त्यांना एक शब्द कळत नव्हता. आक्का सांगायला लागली तर बाईंनी हात वर केला, नातेवाइकाला अर्थ सांगायची परवानगी नाही, म्हणाल्या. आक्कानं निहालकडं पाहिलं. निहाल चाचरत म्हणाला की मीही काही प्रसंग तपासलेत. पण कशावरून तपासले, तर आक्कानंच सांगितलेल्या नव्या अर्थांवरून.

"उद्वेग झालाय तिला, स्वाभाविक आहे," बोधनकरबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः वाकून कंठी उचलली, पुसली आणि हलक्या हातानं परत कृतिकाच्या गळ्यात बसवली. मग आक्काची समजूत घालायला म्हणून म्हणाल्या की तुम्ही उगाच शंका घेताय, कृतिकाची कंठी इतकी समंजस निघाली की तिचाच साचा पाया धरून आता अकरा विद्यापीठांत कंठ्या बनतात. चारशेच्या वर मुलं वापरतात. वर्षभरात एका मुलाची तक्रार नाही.

आक्काला त्या चारशे घरांतली एकही बाई ठाऊक नव्हती. तरी त्या सगळ्यांच्या पोरांच्या तोंडात आपली जीभ बसलीय, एवढं तिला लख्ख कळलं.

निर्णय पाच मिनिटांत झाला. संमती कायम. विद्यार्थ्यावर दडपण नको म्हणून आत्यानं उद्यापासून वर्षभर आवारात यायचं नाही. शेवटची खातरजमा बाहेरच्या खिडकीवर करून द्यायची, की प्रकरण बंद.

खिडकीपाशी रांग होती. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी कुबड्यांवर, सात-आठ पोरंपोरी, प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा. पुढच्या मुलाला कारकुनानं विचारलं की तुमची मदतनीसाची वेळ निम्मी करतोय, ठीक आहे ना? मुलाच्या डोळ्यांत काहीतरी भडकलं, खांदा हिसडला गेला. पट्टा म्हणाला, "हो सर, चालेल." आवाज पुरुषाचा होता, पण लकब आक्काची. तो मुलगा वळला तेव्हा त्यानं आक्काकडं पाहिलं, ओळख नसताना, आणि निघून गेला.

मग कृतिकाची पाळी आली. कारकून तरुण होता, चेहऱ्यानं भला. त्यानं पडद्यावर नाव बघितलं आणि विचारलं की क्षेत्रकार्याऐवजी इथला प्रकल्प, बदल मान्य आहे ना?

कृतिकाचा गळा हलला. गजराक्कानं झेप घेऊन दोन्ही तळवे तिच्या गळ्यावरच्या त्या बदामावर दाबून धरले. आतून आवाज थरथरत तळव्यांना लागत होता, आणि वर, भाचीच्या तोंडून, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असा 'नाही' निघत होता. पुन्हा. आणि पुन्हा.

कारकुनानं खिडकीतून मान बाहेर काढली.

"बाई, हात काढा," तो म्हणाला. "त्यांना बोलू द्या."